एकेरी रस्ता आणि नथ्थूजीची जोडी

सडकेवर जे जे उभं आहे, आडवं आहे, पडलं आहे, पेटलं आहे किंवा दावं तोडून सुटलं आहे, ते ते माझ्या खात्यात येतं. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपालिकेत रोड मोहरीर आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण मी अजून नोकरीत आहे आणि आमचे मेंबर दिवाळी अंक वाचतात. निदान चित्रं तरी पाहतात.

'मोहरीर' हा शब्द जुन्या मध्य प्रांताच्या कारभारातून आमच्याकडे राहून गेला. अर्थ कारकूनच. पण कारकून म्हटलं की माणूस खुर्चीत बसलेला दिसतो आणि मोहरीर म्हटलं की सायकलवर. माझी सगळी नोकरी सायकलवर झाली. कुठं खड्डा पडला, कुठं दिवा गेला, कुठला सांड भाजीबाजारात शिरला, तिथं मी. लोकांना वाटतं, हे कंटाळवाणं काम असेल. अहो, नाटक कंपनीत गेलो असतो तरी एवढी पात्रं भेटली नसती!

एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. 'माझ्या दारापुढचा सरकारी दिवा काढावा.' मी म्हटलं, लोक दिवा मागतात, तुम्ही काढायला सांगता? तर म्हणाले, "दिव्यापायी म्हशीले रात्र कळूनच नाई राह्यली. दूध चोरते." मी चौकशीला गेलो. म्हैस खरोखरच दिव्याकडे टक लावून उभी होती, एखाद्या मेंबरानं अध्यक्षाच्या खुर्चीकडे पाहावं तशी. आम्ही दिव्याच्या एका बाजूला पत्रा ठोकून दिला. म्हैस झोपली. मग समोरच्या घरातून अर्ज आला, 'म्हशीच्या वाट्याचाही उजेड आता आमच्याच अंगावर येतो.'

एका हॉटेलवाल्याला दारासमोर ब्रेकर हवा होता. कारण विचारलं, तर गंभीरपणे म्हणाला, "एसटी हळू झाली पायजे, भाऊ. मंगच भज्याचा वास खिडकीतून आत जाईन." असा ब्रेकर देण्याची तरतूद कायद्यात नाही. नसावी याचं मला आजही वाईट वाटतं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट एका शब्दाची आहे. त्या शब्दापायी आमच्या गावातल्या सगळ्या बंड्या भर सकाळी नाहीशा झाल्या होत्या.

आधी बंडीबद्दल थोडं सांगतो, कारण आता ट्रॅक्टर आले आहेत आणि शहरातल्या लोकांना बंडी फक्त लग्नपत्रिकेवर दिसते. बंडी म्हणजे बैलगाडी. दोन बैल, मधे धुरी म्हणजे लांब दांडी, वर जू. बंडीची मुख्य गोष्ट अशी की तिला मागे जाता येत नाही. मोटारीला उलटा गिअर असतो, बैलाला नसतो. मागे सरकवायची तर बैल सोडा, धुरी धरा आणि माणसांनी ढकला. त्यात कापूस भरला असेल तर रामराम. सत्तरच्या दशकात कापसाची सरकारी खरेदी सुरू झाली होती. हंगामात देवळीकडच्या, कारंज्याकडच्या आणि नदीपलीकडच्या गावांहून बंड्या आमच्या बाजारात येत. भरलेल्या बंड्या बाजार रोडनं आत जायच्या, रिकाम्या त्याच रोडनं बाहेर यायच्या. दोन्ही समोरासमोर आल्या की सगळा गाव जाम.

आणि याच बाजार रोडवर पालिकेच्या आवारात उभा होता आमचा बंब. म्हणजे आग विझवायची गाडी. लाल रंग, पितळेची घंटा आणि चालक हमीदभाई. ही घंटा ते चिंचेनं घासत. एवढी की अध्यक्ष तिच्यात पाहून टोपी सारखी करत. आगीची वर्दी आली की हमीदभाई चौकीदाराला "येतो" म्हणून निघायचे. "जातो" कधी म्हणायचे नाहीत. आगीकडे निघालेल्या माणसानं तर नाहीच.

आदल्या हंगामात एका जिनमध्ये आग लागली. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. तिथं एक ठिणगी पुरते. हमीदभाई लगेच निघाले आणि बाजार रोडच्या मधोमध अडकले. पुढे भरलेल्या बंड्या, समोरून रिकाम्या. घंटा वाजवून हात दुखला. तोवर तिकडे कापसाच्या गंज्या जळून गेल्या. वर लोक म्हणाले, "वरात पाह्यली, पण बंबाची वरात पयल्यांदा पाह्यली." हमीदभाई त्यानंतर बरेच दिवस चहालासुद्धा पालिकेबाहेर पडले नाहीत.

प्रकरण वर गेलं. वरून निरोप आला, 'तुमचा बंब पोचत नसेल तर जिथं पोचेल तिथं द्या.' सभेत ठरलं, एक हंगाम पाहू. याही वेळी बंब अडकला, तर तो मोठ्या गावाला जाणार आणि हमीदभाई जकात नाक्यावर बांबू वर-खाली करायला. हमीदभाई मला म्हणाले, "बाबूजी, बांबू तो कोई भी उठा लेगा. पण ह्या गाडीचे नखरे माझ्याशिवाय कोणाले कळते?"

त्याच सुमारास आमच्याकडे नवे मुख्याधिकारी आले. तरुण, पुण्याकडचे, अत्यंत सज्जन. 'चालेल' म्हणायचे, आमच्यासारखं 'चालते' नाही. त्यांनी गावाचा नकाशा मागवला, तो उलटा धरला आहे हे मी नम्रपणे सांगितलं, आणि त्यांनी सरळ धरताच उपाय सापडला. भरलेल्या बंड्या नाक्यावरून बाजार रोडनं आत येतील. रिकाम्या झालेल्या बंड्या मागच्या नाल्याच्या सडकेनं बाहेर पडतील. कोणी कोणाच्या समोर येणार नाही. खरोखर झकास योजना होती. मीही टाळी दिली असती, पण साहेबांना टाळी देत नाहीत.

नाक्यापुढे मोठा बोर्ड लागला. पिवळ्यावर काळी अक्षरं: 'बाजार रोड. एकेरी वाहतूक.' बाजाराच्या टोकाला रिकाम्या बंड्या नाल्याकडे वळवायला एक चपराशी उभा केला. नाक्यावर मात्र माणूस नव्हता. साहेब म्हणाले, "तिथं बोर्ड आहे ना? बोर्ड हाच माणूस."

पहिला दिवस. बाजार रोडवर एकही बंडी नाही! हंगामाच्या ऐन भरात सडक अशी मोकळी, जशी परीक्षेच्या दिवशी खेळाची मैदानं. अध्यक्ष तर रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. चारदोन टांगे तेवढे खुशाल फिरत होते. हमीदभाईंनी उगाच एकदा बंब बाजारापर्यंत नेऊन आणला. बंब सरळ गेला आणि सरळ आला. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, याले म्हणते योजना!"

सगळे खूश. मलाच चैन पडेना. योजना चांगली होती हे कबूल, पण त्यात बंड्या एका बाजूनं यायच्या होत्या, नाहीशा व्हायच्या नव्हत्या! कापसानं भरलेल्या एवढ्या बंड्या जातात कुठं? शेतकऱ्यांनी पिकवायचं सोडलं, की काल रात्री सगळे बैल संन्यासी झाले? मी सायकल काढली आणि नाक्यावर गेलो. बंडीची चाकं धुळीत खोल उमटतात, त्यांचा माग काढायला गुप्त पोलीस लागत नाही. सगळी चाकं बोर्डापर्यंत आली होती. तिथं थांबली होती. आणि तिथून एकामागे एक वळून नाल्याच्या सडकेला लागली होती.

नाल्यावर पोचलो आणि सायकलवरून उतरलोच. एका बाजूनं भरलेल्या बंड्यांची रांग. समोरून, काल कापूस घालून रात्री बाजारातच मुक्कामाला राहिलेल्या आणि आता चपराशानं पाठवलेल्या रिकाम्या बंड्यांची रांग. दोन्हींची तोंडं समोरासमोर, बैलांचे श्वास एकमेकांच्या नाकपुड्यांत. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला स्मशानाची भिंत. कोणाला पुढे जाता येईना आणि मागे जाण्याची सोय तर देवानंच ठेवलेली नाही. बऱ्याच जणांनी बैल सोडले होते. कोणी शिदोरी उघडली होती. एकजण भरल्या कापसावर असा झोपला होता की मला हेवा वाटला.

भरलेल्या रांगेत सगळ्यात पुढे होता नथ्थूजी. देवळीच्या अलीकडच्या एका खेड्यातला शेतकरी, उभा-शेलाटा, डोक्याला पांढरा दुपट्टा, पंचक्रोशीत 'चवथी पास' म्हणून प्रसिद्ध. हाताशी तुतारी. आमच्याकडे बैल हाकायच्या काठीला तुतारी म्हणतात. ती वाजत नाही, नथ्थूजी मात्र वाजतो.

"काय जी नथ्थूजी, इकडे कसे?"

"कसे म्हंजे? तुमीच धाडलं नं इकडं."

"मी?"

"तुमी म्हंजे कमेटी." आमच्याकडे जुनी माणसं पालिकेला कमेटी म्हणतात. "बोर्ड लावला नाई का? म्या वाचला. मोठ्यानं वाचला, सगळ्याईले आयकू गेला. बाजार रोड, एकेरी वाहतूक."

"मग?"

"मंग काय? माह्या बंडीले बैल किती हायेत?"

"दोन."

"म्हंजे जोडी झाली नं? एकेरी कुठं हाये?" नथ्थूजीनं माझ्याकडे मंद पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "तुमची सडक एका जनावराच्या गाडीले. टांगा जाईन, आमची जोडी नाई जाईन. म्या वाचून राह्यलो तं आमच्या डोयासमोर एक टांगा खुशाल आत गेला. आता अजून पुरावा काय पायजे, बाप्पा?"

मी डोक्याला हात लावला आणि त्याच वेळी मला मनापासून आनंद झाला. काय बिघडलं होतं त्यात! एकेरी धोतर असतं, एकेरी दोर असतो, तर एकेरी गाडी का नसावी? 'एका दिशेनं' हा अर्थ त्या शब्दात आम्ही कागदावर भरला होता. नथ्थूजीनं समोरचा टांगा पाहून भरला.

"बरं, पण मग समोरच्याला थोडं मागं सरकायला सांगायचं ना. त्याची बंडी रिकामी आहे."

नथ्थूजीनं आवाज एकदम खाली आणला. "त्याले कसा सांगू? तो माहा इवाई हाये."

समोरच्या रिकाम्या बंडीवर एक जाडजूड गृहस्थ आकाशाकडे पाहत बसले होते. नथ्थूजीची पोर त्यांच्या घरी दिलेली. पोरीच्या सासऱ्याला भर सडकेवर 'मांगं सरक' म्हणायचं? पोरीच्या बापानं? आणि इवाई तरी स्वतःहून कसा सरकणार? मुलाकडचा माणूस! सकाळपासून दोघं एकमेकांना तंबाखू देत होते, तब्येत विचारत होते आणि तसूभरही हलत नव्हते. अख्ख्या तालुक्याचा कापूस या सोयरिकीपायी थांबला होता.

शेवटी ते पाप मी माझ्या माथ्यावर घेतलं. मी ना मुलीकडचा, ना मुलाकडचा, मी कमेटीचा. मी सगळ्यांना खाली उतरवलं, रिकाम्या बंड्यांचे बैल सोडायला लावले आणि माणसांनी धुऱ्या धरून त्या बंड्या मागे बाजाराच्या टोकापर्यंत ढकलल्या. इवाई उतरताना म्हणाले, "तुमी म्हणता म्हणून. नाई तं आमी उतरलो नसतो." नथ्थूजीनं माझ्याकडे पाहून डोळा मारला.

परत आलो तर फाटकात, बंबाशेजारी हमीदभाई. त्यांना सगळं कळलं होतं. गावात बातमी बंबाच्या आधी पोचते.

"बाबूजी, एक अर्ज हाये. तो बोर्ड असाच राहू द्या. हंगाम संपेपर्यंत. लोक समजून राह्यले ते बरोबर समजून राह्यले. सडक कशी आईन्यासारखी साफ हाये."

"आणि नाल्यावरचे लोक?"

हमीदभाईंनी घंटेवरून हात फिरवला. मग स्वतःच म्हणाले, "नाई. ते बी आपलेच हायेत. पण बाबूजी, ह्या बारीले अडकलो नं, तं मले नाक्यावर पाहाल तुमी."

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एकेरी म्हणजे एका जनावराची? हा अर्थ कुठल्या कोशात आहे?"

"कोशात नाही साहेब, नाल्यावर आहे."

साहेब हसले. माणूस खरंच चांगला होता. म्हणाले, "मग शब्दच बदलू. ज्यात शंका नाही असा घालू." दुसऱ्या दिवशी दोन नवे बोर्ड लागले. नाक्यावर 'येण्याचा मार्ग'. आणि बाजाराच्या टोकाला, नाल्याकडे बाण दाखवून, 'जाण्याचा मार्ग'.

वाचणाऱ्यांपैकी जे आमच्या भागातले आहेत ते इथंच हसले असतील.

भरलेल्या बंड्या बाजार रोडनं छान आत आल्या. कापूस मोजून झाला. आणि रिकाम्या बंड्या बाजाराच्या टोकाला येऊन ज्या थांबल्या त्या हलेनात. चपराशी धावत आला, "साहेब, कोणीच जाऊन नाई राह्यलं!" या वेळी साहेब स्वतः माझ्याबरोबर आले. पुढे पुन्हा नथ्थूजी. हा माणूस अडचणीत नेहमी पहिला नंबर लावायचा.

"काय अडचण आहे काका?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तुमी घरून निंगता तं बाईले काय सांगता?"

"काय सांगतो म्हणजे? येतो म्हणतो."

"जातो नाई म्हणत?"

"छे! जातो कसं म्हणणार?"

"मंग आमाले काऊन धाडून राह्यले?" नथ्थूजीनं तुतारीनं आधी बोर्ड दाखवला, मग बाण दाखवला, मग बाण जिकडे होता तिकडची स्मशानाची भिंत दाखवली. "जान्याचा मार्ग. अन् बाण कुठं, तं थेट तिकडं. माही बायको घरी वाट पाहून राह्यली, साहेब. मले इतक्यात नाई जाचं."

मागच्या बंड्यांवर खसखस पिकली. साहेबांनी बोर्डाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि मग असे हसत सुटले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांनी तिथंच पेंटरला बोलावलं आणि स्वतः मजकूर सांगितला: 'परत येण्याचा मार्ग.' नथ्थूजीनं तो मोठ्यानं वाचला आणि मान डोलावली. "आता कसं! आता निंगतो आमी. येतो, साहेब."

निघता निघता त्यानं विचारलं, "पण मंग ते एकेरी म्हंजे काय होतं जी?"

साहेबांनी सांगितलं, "सगळ्यांनी एकाच दिशेनं जायचं काका, एकामागे एक."

"म्हंजे मुंग्यावानी."

"अगदी मुंग्यांसारखं."

"मंग तसं लिवाचं नं!" असं म्हणून नथ्थूजी निघून गेला.

योजना सुरू झाली. आता समोरासमोर कोणी येत नव्हतं, पण हमीदभाईंचा जीव भांड्यात पडेना. बाजारातल्या वजनकाट्यापाशी रांग थांबली की मागचे पुढे घुसत, दोन-दोन, तीन-तीन बंड्या शेजारी लागत आणि सडक पुन्हा भरून जाई. रोज संध्याकाळी हमीदभाई बाजार रोडनं पायी चालत जायचे आणि हात पसरून मोजायचे, एवढ्यात बंब मावेल का? त्यांचा चेहरा पाहून उत्तर कळायचं.

आणि एका भर दुपारी जिनकडून काळा धूर उठला.

हमीदभाई कोट चढवतच धावले. मला काय सुचलं कोण जाणे, मीही बंबाच्या पायरीवर चढलो आणि घंटेची दोरी हातात घेतली. आयुष्यात एकदा तरी ती वाजवायची हौस होतीच! हमीदभाई चौकीदाराला "येतो" म्हणाले आणि बंब बाहेर पडला. थोडा पुढे गेलो आणि समोर बंड्याच बंड्या. तीन-तीन शेजारी. कापसाचे पांढरे डोंगर, त्यांच्यामधून बोट घालायला जागा नाही. घंटेनं बैल बिथरले, माना उडवू लागले. मी वाजवायचं थांबवलं. हमीदभाईंनी ब्रेक दाबला. त्यांचे हात स्टिअरिंगवर होते आणि ते समोर पाहत नव्हते, धुराकडे पाहत होते. सगळं पुन्हा तसंच होणार होतं.

तेवढ्यात समोरच्या एका कापसाच्या ढिगावर पांढरा दुपट्टा उभा राहिला. नथ्थूजी! बंडीवर उभा, तुतारी वर धरलेली, आवाज असा की नाल्यापलीकडे ऐकू जावा.

"एकेरी व्हा रे! एकेरी! मुंग्यावानी! बंब आला, एकेरी व्हा!"

आणि मी पाहिलं ते सांगतो. ओरडा पुढे पुढे गेला, "एकेरी व्हा, एकेरी व्हा," एका बंडीवरून दुसरीवर. तुताऱ्या हलल्या. सगळ्या बंड्यांची तोंडं एकाच दिशेला होती, त्यामुळे कोणालाच मागे सरकायचं नव्हतं. फक्त पुढे आणि थोडं डावीकडे. साहेबांची योजना होती ती एवढीच. एक सरकली, तिच्या मागे दुसरी शिरली, तिच्या मागे तिसरी. बघता बघता डाव्या अंगाला एक लांब पांढरी रांग झाली आणि उजवीकडे सडक उघडी पडली. हमीदभाईंनी गिअर टाकला. मी घंटा वाजवली नाही, बैल बिथरले असते. बंब त्या रांगेच्या कडेनं मुकाट्यानं, जवळजवळ चोरपावलांनी गेला आणि मोकळं मिळताच सुसाट सुटला.

जिनमध्ये एका गंजीचा अर्धा भाग जळाला. बाकी सगळं वाचलं. संध्याकाळी हमीदभाई परत आले तेव्हा चेहरा काळा, कोट काळा, फक्त दात पांढरे, आणि ते सगळे दिसत होते. पुढच्या सभेत बंबाचा विषय निघाला तेव्हा अध्यक्षांनी तो वाचूही दिला नाही. म्हणाले, "पुढचा विषय घ्या." आमच्या सभेत याहून मोठा सन्मान नसतो.

मी मात्र दुसऱ्या दिवशी नथ्थूजीला बाजारात गाठलं. काट्याजवळ तंबाखू चोळत बसला होता, शेजारी इवाई. मी म्हटलं, "नथ्थूजी, काल तुम्ही कमेटीची लाज राखली. त्या दिवशी बोर्ड चुकीचा वाचला खरा, पण काल फेडलंत."

"चुकीचा?" नथ्थूजीनं तंबाखू तोंडात टाकली आणि इवायाला साक्षीला घेतलं. "पाहा इवाई, मोहरीर काय म्हणून राह्यला! अरे बाप्पा, बोर्डावर काय होतं? बाजार रोड, एकेरी वाहतूक. एका जनावराच्या गाडीची सडक. अन् काल त्या सडकेवरून मोकळा कोण गेला?" त्यानं पालिकेच्या आवाराकडे तुतारी रोखली. तिथं हमीदभाई चिंच घेऊन घंटा घासत होते.

"बंब गेला नं? मंग सांगा, त्याले कुठं जोडी हाये?"